डॉ. झाकीर हुसेन आणि शाळेचा नकाशा

मुलांनो, तुमच्या वर्गात भारताचा नकाशा टांगलेला असेल. त्यात दिल्ली कोठे आहे, असे विचारले तर तुम्ही लगेच बोट ठेवाल. हिमालय दाखवाल, गंगा दाखवाल. आता मी तुम्हांला एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या शाळेच्या फाटकापासून पिण्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत किती पावले आहेत? शाळेचे दार पूर्वेला आहे की उत्तरेला? पावसाळ्यात मैदानातले पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते?

अडखळलात ना? त्यात तुमचा फारसा दोष नाही. आपल्याला दूरचे आधी शिकवतात आणि जवळचे शिकायचे राहून जाते. हा क्रम उलटा आहे, मुलाचे शिक्षण त्याच्या अवतीभवतीच्या जगापासून सुरू झाले पाहिजे, असे मानणारे एक मोठे शिक्षक आपल्या देशात होऊन गेले. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांचे नाव डॉ. झाकीर हुसेन. तुमच्यापैकी काहींच्या शाळेलाच त्यांचे नाव दिलेले असेल.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी तुमचे नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद ही त्या राज्याची राजधानी होती. म्हणजे झाकीर हुसेन जन्माने आपल्याच मुलखातले. मात्र त्यांचे घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करत. झाकीर दहा वर्षांचे असताना, १९०७ साली, वडील वारले. कुटुंब कायमगंजला परतले. झाकीर इटाव्याच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकू लागले. १९११ साली कायमगंजला प्लेगची साथ आली आणि त्यात आईही गेली. चौदाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला.

पुढे ते अलीगढच्या कॉलेजात गेले. तेथे हुशार विद्यार्थी आणि चांगला वक्ता म्हणून त्यांचे नाव झाले. १९२० साली असहकाराची चळवळ सुरू झाली. महात्मा गांधी आणि अलीबंधू अलीगढला आले. सरकारच्या मदतीवर चालणारे कॉलेज सोडून स्वतःची राष्ट्रीय संस्था काढावी, असे त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. कॉलेज सोडणे म्हणजे चांगल्या नोकरीची वाट सोडणे. झाकीर हुसेन यांनी ती सोडली. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था सुरू झाली. १९२५ साली ती दिल्लीच्या करोलबाग भागात गेली.

मधल्या काळात, १९२२ साली, झाकीर हुसेन उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले होते. बर्लिनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेथे असतानाच त्यांनी एका छापखान्यात गालिबचा दीवान सुंदर अक्षरांत छापून घेतला. पण त्यांचे खरे लक्ष शाळांकडे होते. म्युनिक शहरात केर्शेनश्टायनर नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. मुलांनी हाताने काम करावे आणि त्या कामातून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. ते पक्ष्याच्या घरट्याच्या पेटीचे उदाहरण देत. लाकडाची पेटी बनवायची तर आधी मापे घ्यावी लागतात, चित्र काढावे लागते, फळ्या कापाव्या लागतात. मापात चूक झाली तर फळ्या जुळत नाहीत. चूक दाखवायला गुरुजी लागत नाहीत, पेटीच ती दाखवते. झाकीर हुसेन यांच्या मनावर केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा खोल ठसा उमटला.

त्याहून जुनी एक गोष्ट भूगोलाची आहे. ती स्वित्झर्लंडमध्ये घडली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इव्हर्डन या गावी पेस्तालोझी नावाच्या शिक्षकाची शाळा एका जुन्या किल्ल्यात भरत असे. तेथे भूगोलाचा पहिला धडा पुस्तकात नव्हता. मुलांना गावाजवळच्या दरीत फिरायला नेत. मुले दरी नीट पाहत. परत येताना बरोबर चिकणमाती आणत. मग लांब टेबलांवर त्या मातीची तीच दरी बनवत. दुसऱ्या दिवशी आणखी पुढे जात आणि मातीत आणखी भर घालत. असे करत सगळा परिसर मातीत उभा राहिला, की मगच त्यांना कागदावरचा नकाशा दाखवत. तोपर्यंत नकाशा त्यांना समजलेलाच असे! कार्ल रिटर नावाचा जर्मन भूगोलतज्ज्ञ ही शाळा पाहून गेला. तो पुढे फार मोठा विद्वान झाला, पण भूगोल कसा शिकावा हे आपण पेस्तालोझीकडून शिकलो, असे तो मानत असे.

१९२६ साली झाकीर हुसेन मायदेशी परत आले आणि जामियाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकोणतीस वर्षांचे. संस्थेकडे पैसे नव्हते. संस्था बंद करावी, असे अनेकांना वाटत होते. १९२८ साली झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची शपथ घेतली. महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार कोणीही घ्यायचा नाही, असे ठरले. तेवढा पगारही पुष्कळदा हाती पडत नसे. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाला बाहेर याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता.

एवढ्या अडचणीतही जामियाच्या प्राथमिक शाळेकडे त्यांचे सर्वांत जास्त लक्ष होते. मोठ्या संस्थेचा प्रमुख लहान मुलांच्या वर्गात वेळ घालवतो, हे लोकांना नवल वाटे. त्या शाळेत मुले स्वतः दुकान चालवत, स्वतःची बँक चालवत. दुकानाचा हिशेब चुकला की गणित चुकले, हे मुलांना आपोआप कळे. झाकीर हुसेन यांच्या वागण्याच्या अनेक आठवणी तेथे सांगतात. मुले मळलेले बूट घालून येत, म्हणून ते एकदा स्वतःच ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकात बसले.

आणखी एक आठवण आहे. ती सांगताना हात थांबतो. प्राथमिक शाळेत एक कार्यक्रम होता आणि झाकीर हुसेन मुलांना मिठाई वाटत होते. त्यांची तीन वर्षांची लाडकी मुलगी रेहाना आजारी होती. वाटप चालू असतानाच कोणीतरी जवळ येऊन हलकेच सांगितले, की ती गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलापर्यंत मिठाई पोहोचल्यावरच ते तेथून निघाले. मुलांचा आनंदाचा दिवस बिघडू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. पुढे त्यांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. त्या रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल.

१९३५ साली दिल्लीबाहेर ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. अशा वेळी एखाद्या मोठ्या पुढाऱ्याला बोलावण्याची रीत असते. जामियाने शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून कोनशिला बसवली.

आता आपण आपल्या भागाजवळ येऊ. नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा नदी आहे. तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि त्याच्या पलीकडे वर्धा. त्या वेळी पैनगंगा ही निजामाच्या राज्याची आणि वऱ्हाडची हद्द होती. वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षणाची एक महत्त्वाची परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. गांधीजींची कल्पना अशी होती, की खेड्यातल्या मुलांना सूतकताईसारख्या एखाद्या उद्योगातून सगळे शिक्षण द्यावे आणि मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा.

परिषदेला आलेले पुष्कळ लोक गांधीजींना विरोध करायला कचरत होते. झाकीर हुसेन उठले. कामातून शिक्षण ही कल्पना त्यांना मान्य होती. ती जगाला अगदी नवी नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितले. पण मुलांच्या कमाईवर शाळा चालवण्यात मोठा धोका आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. शिक्षकाचा पगार मुलांच्या सुतावर अवलंबून राहिला, तर शिक्षक मुलांना शिकवील की राबवून घेईल? गरीब मुलांची शाळा म्हणजे कारखाना होऊन बसेल, अशी त्यांना काळजी होती. हे सगळे त्यांनी गांधीजींच्या समोर सांगितले. गांधीजींचा मोठेपणा असा, की अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष त्यांनी झाकीर हुसेन यांनाच केले. विनोबा भावे, काका कालेलकर, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन हे त्या समितीत होते. २ डिसेंबर १९३७ रोजी समितीने अहवाल दिला.

या अहवालात सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे सांगितले होते. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय वेगवेगळे न शिकवता एकत्र आणले होते. त्यांतील भूगोलाच्या भागात एक साधी गोष्ट होती. शाळेच्या आसपासच्या भागाचे आराखडे मुलांनी पाहावेत आणि स्वतः काढावेत. डोंगर, नदी अशा गोष्टी दाखवणाऱ्या खुणा शिकाव्यात. पृथ्वी गोल आहे, इतर देशांतले लोक कसे राहतात, हेही शिकायचे होतेच. पण सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करायची होती.

असे का, हे तुम्ही स्वतः करून पाहिलेत तर कळेल. समजा, तुमच्या पुस्तकात दूरच्या एखाद्या देशाचा नकाशा आहे. त्यात नदी चुकीच्या जागी काढली असेल तर तुम्हांला कळेल का? नाही. छापलेले खरे मानावे लागते. आता शाळेचा नकाशा काढा. सकाळी मैदानात एक काठी उभी रोवा. सूर्य पूर्वेकडे असतो, म्हणून तिची सावली पश्चिमेकडे पडते. दिशा कळल्या. फाटकापासून वर्गापर्यंतची पावले मोजा. दहा पावलांसाठी कागदावर एक सेंटिमीटर धरा. झाडासाठी एक खूण, टाकीसाठी दुसरी. नकाशा झाला, की तो हातात घेऊन चालत निघा. नकाशात टाकी झाडाच्या उजवीकडे असेल आणि मैदानात डावीकडे दिसली, तर चूक कोणाची ते विचारायला जावे लागणार नाही. केर्शेनश्टायनर यांच्या पेटीसारखाच हा प्रकार आहे. पाय सांगतात, कागद खरा की खोटा.

येथे एक गंमत लक्षात ठेवा. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. पण आजच्या नकाशात, तो कोणत्याही लिपीतला असो, उत्तर वर आणि पूर्व उजव्या हाताला. पूर्वी असे नव्हते. अल्-इद्रीसी या थोर भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा पूर्ण केला. त्यात दक्षिण वर होती! वर काय ठेवायचे हे माणसांनी ठरवलेले असते. आणि हो, हे शब्द परके समजू नका. नकाशा, जिल्हा, तालुका, हद्द, जमीन, शहर, कसबा हे मराठी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. मराठी भूगोलाचे पुस्तक उघडले, की तुमच्या घरचे अर्धे शब्द तुम्हांला आधीच येत असतात.

नांदेडच्या मुलांसाठी तर आणखी एक छान गोष्ट आहे. जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. सिडको, हडको हा नवा भाग दक्षिण तीरावर आहे. किल्ल्याजवळच्या शाळेतल्या मुलीने नकाशा काढला तर गोदावरी दक्षिणेला येईल. सिडकोतल्या मुलाने काढला तर तीच गोदावरी उत्तरेला येईल. दोघांचे भांडण होईल. पण दोन्ही कागद जमिनीवर शेजारी ठेवून मधली नदी जुळवली, की भांडण मिटते आणि शहर तयार होते. लातूरच्या मुलांचे काम वेगळे. त्यांच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळा रस्त्यांच्या मधोमध उभे राहून उत्तर कोणती, हे सांगणे मोठ्या माणसांनाही चटकन जमत नाही.

तुमच्या दादाजींना किंवा नानाजींना त्यांच्या लहानपणीचा नकाशा विचारा. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग बिदर जिल्ह्यात होते आणि मुधोळ नांदेड जिल्ह्यात होते. लातूर जिल्हाच मुळी १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसारखी गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. तेथल्या आजोबांनी आणि नातवाने एकाच गावाचा नकाशा काढला, तर दोन्ही कागदांवर एकही गल्ली सारखी निघणार नाही, आणि तरी दोघेही बरोबर असतील. असा भूगोल कोणत्याही तयार पुस्तकात मिळत नाही. तो विचारून, चालून, मोजून गोळा करावा लागतो.

झाकीर हुसेन यांच्या समितीची योजना ‘नई तालीम’ किंवा मूलोद्योग शिक्षण या नावाने अनेक प्रांतांत सुरू झाली. तिच्यावर टीकाही झाली. दिवसाच्या साडेपाच तासांतले तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिले होते, हे अनेकांना जास्त वाटले. मलाही ते जास्तच वाटते, कारण इतिहास, भूगोल आणि विज्ञान मिळून अर्धाच तास उरत होता. पुढे पुष्कळ ठिकाणी टकळी तेवढी राहिली आणि तिच्यामागचा विचार निघून गेला. झाकीर हुसेन यांनी हे झाकून ठेवले नाही. आपल्याच योजनेच्या नावाखाली जे चालले होते, त्याबद्दलची नाराजी त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. पण परिसरापासून शिकण्याची कल्पना मात्र टिकली. तुमच्या ‘परिसर अभ्यास’ या पुस्तकाचे नावच पाहा ना. ती एकट्या झाकीर हुसेन यांच्यामुळे आली असे नाही. तिच्यासाठी झटणाऱ्यांत ते एक होते.

१९४७ चा ऑगस्ट महिना त्यांच्यासाठी फार कठीण गेला. ते रेल्वेने काश्मीरकडे निघाले होते. जालंधर स्टेशनवर दंगलखोरांनी त्यांना घेरले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांचे प्राण वाचवले. दिल्लीला परत येताच ते निर्वासितांच्या मदतीच्या कामाला लागले.

त्यानंतरची पदे सर्वांना माहीत आहेत. १९४८ पासून ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५७ साली बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ साली उपराष्ट्रपती झाले. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १३ मे १९६७ रोजी ते भारताचे राष्ट्रपती झाले. राष्ट्रपती भवनातही त्यांचे दोन छंद सुटले नाहीत. एक गुलाबांचा आणि दुसरा दगडांचा. निरनिराळे दगड आणि जीवाश्म, म्हणजे दगड बनलेले प्राचीन प्राणी व वनस्पती, ते हौसेने जमवत.

३ मे १९६९ रोजी ते वारले. पदावर असताना निधन झालेले ते पहिले राष्ट्रपती. दिल्लीत राष्ट्रीय नेत्यांच्या समाध्यांसाठी यमुनेकाठी जागा आहे. पण झाकीर हुसेन यांना ओखल्याला, जामियाच्या आवारात दफन करण्यात आले. तेथल्या शाळेतल्या मुलांनी आज आपल्या परिसराचा नकाशा काढायला घेतला, तर वर्ग, मैदान, ग्रंथालय यांच्याबरोबर त्यांना त्या कबरीसाठीही एक खूण ठरवावी लागेल.